खेड्यातून खेड्यात हद्दपार

बारावीच्या परीक्षेत घाटंजीकडचं एखादं पोट्टं कॉपी करताना भरारी पथकाच्या हाती लागलं, की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, "रेस्टिकेट झालं!" मूळ शब्द रस्टिकेट. वऱ्हाडी जिभेनं त्यात थोडी रेस्ट घालून शिक्षा जरा सुसह्य केली, एवढंच.

खेड्यासाठीच्या लॅटिन शब्दापासून निघालेल्या या क्रियापदाचा साधा अर्थ खेड्यात जाऊन राहणं. इमारतीचा दर्शनी दगड मुद्दाम खडबडीत ठेवला, तरी स्थापत्यकार हाच शब्द वापरतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजनं मात्र त्याची शिक्षा केली: विद्यार्थी फार माजला, की काही काळ विद्यापीठाबाहेर.

ही शिक्षा तिथंही फारशी बोचली नसावी. गुरूशी खटका उडाल्यावर 1626 च्या सुमारास कवी मिल्टन केंब्रिजबाहेर पडला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या वाट्याला आलेलं खेडं म्हणजे लंडन! तिथं नाटकं बघत मजेत असल्याचं त्यानं मित्राला चक्क लॅटिन कवितेतून कळवलं. 1877 मध्ये ग्रीसच्या सहलीवरून उशिरा परतलेल्या ऑस्कर वाइल्डलाही ऑक्सफर्डनं असंच बाहेर काढलं. तो गेला डब्लिनला.

यवतमाळ जिल्ह्यात खरी पंचाईत होते. झरी-जामणीचं पोरगं आधीच खेड्यात. त्याला आणखी कुठं पाठवणार? "पोट्टं तं गावातच हाय, आता धाडता कुटी?" असं एखाद्या आजोबानं विचारलं, तर केंद्रप्रमुखांनी काय सांगावं? त्यात परीक्षा नेमकी हरभरा सोंगायच्या दिवसांत. बोर्डानं पेपर काढून घेतला, की बाप हाती विळा देतो.

शहरातून काढलेला विद्यार्थी यवतमाळला आल्याचं उदाहरणही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'वंदे मातरम्'च्या घोषणेपायी केशव बळीराम हेडगेवार यांना नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून काढलं गेलं. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी यवतमाळची राष्ट्रीय शाळा गाठली. नागपूरहून यवतमाळ, म्हणजे शब्दकोशाला शोभेल असंच हे रस्टिकेशन. फरक इतकाच, की ते इथं आले शिकायला. सरकारी रोषामुळे ती शाळाही टिकली नाही आणि त्यांना पुण्याची वाट धरावी लागली.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, यवतमाळ बघायचं असेल तर कॉपी करायची मुळीच गरज नाही. नागपूरहून थेट एसटी मिळते.