टी.सी. आली का?

आपल्या शहरात बास्केटबॉलचे चाहते किती, हे मोजायला फार वेळ लागत नाही. एखाद्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला जावं, कठड्यावरची डोकी मोजावीत. त्यांतून दोन्ही संघांचे बदली खेळाडू, त्यांचे रूम पार्टनर, पुढचा सामना असलेली पोरं आणि सावलीला टेकलेला वॉचमन वजा करावा. उरतील तेवढे चाहते. त्या उरलेल्यांत स्वागताध्यक्ष असतीलच असं मात्र नाही. सामना हा त्यांचा प्रांत नव्हे. त्यांचा प्रांत नवा पोरगा.

स्वागताध्यक्ष हे नाव त्यांना पोरांनी दिलं. समोर सगळे 'काका' म्हणतात. साहित्य संमेलनाच्या स्वागताध्यक्षाला निदान मांडव उठेपर्यंत थांबावं लागतं. आमचे अध्यक्ष हार घालून झाला की मोकळे. साठी ओलांडलेले, सरकारी खात्यातून निवृत्त, उंची पाच फूट चार इंच. वर इस्त्रीचा शर्ट, खाली ट्रॅक पँट. कॉलेजात असताना तेही खेळले, म्हणजे संघात होते. विद्यापीठाचा कलरकोट थोडक्यात हुकला असं सांगतात. थोडक्यात म्हणजे किती, असं विचारलं की त्यांचा हात गुडघ्याकडे जातो आणि विषय बदलतो.

बारावीचा निकाल लागला की अध्यक्षांच्या जिवाला घोर लागतो. लातूरला एक पोरगा आहे, शालेय राज्य स्पर्धा खेळलाय, आणखी दोन कॉलेजांचा त्याच्यावर डोळा आहे, अशी बातमी कुठून तरी येते. आता लातूर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि लातूर, परभणी तिकडं गेले. आपल्या विद्यापीठाकडे संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे राहिले. त्यामुळे लातूरचा पोरगा इकडं येणं हे अध्यक्षांच्या लेखी सरहद्द ओलांडणं असतं. ते रोज सकाळी कॉलेजच्या क्रीडा संचालकांना फोन लावतात. नमस्कार नाही, तब्येत कशी नाही. एकच प्रश्न.

"सर, टी.सी. आली का?"

पोरगा हो म्हणाला, याला किंमत नाही. वडील हो म्हणाले, याला थोडी. फॉर्म भरून, फोटो चिकटवूनसुद्धा पोरं पळालेली आहेत. टी.सी. काढली, की मग पोरगा आपला.

अध्यक्षांचा भाचा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिथं ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल सामन्याला जागा मिळावी म्हणून विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या वस्तीला त्यांच्या जुन्या प्रशिक्षकाचं नाव पडलंय. ते आडनाव अध्यक्ष दर वेळी वेगळं उच्चारतात. शाळेतला नावाजलेला खेळाडू तिकडं टेबलावर चार-पाच कॉलेजांच्या टोप्या मांडून बसतो, कॅमेरे रोखलेले असतात, आणि ज्या कॉलेजात जायचं त्याची टोपी तो उचलून डोक्यावर घालतो. गावं नाचतात, गावं रडतात. हा व्हिडिओ भाच्यानं पाठवला तेव्हापासून अध्यक्षांना झोप नाही. आपल्याकडंही टोप्यांचा कार्यक्रम करू, अशी त्यांनी सूचना मांडली. कॉलेजला टोपी नव्हती, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे पोराचे वडील. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "टोपी नका घालू साहेब. फी माफ करा."

पोरगा यायचा दिवस ठरतो. मध्यवर्ती बस स्थानकावर अध्यक्ष स्कूटर घेऊन तासभर आधी हजर. सोबत झेंडूचा हार, आणि हार घालायला हात पुरणार नाही म्हणून एक प्लॅस्टिकचा स्टूल. लातूरची एस.टी. लागते. दारातून आधी बॅग येते, मग पाय, मग बराच वेळ पाय, आणि शेवटी वाकलेली मान. अध्यक्ष स्टुलावर चढून हार घालतात. पोरगा आजूबाजूला बघतो, आपल्या मागून कोणी पुढारी उतरलाय की काय म्हणून.

मग त्याला स्कूटरवर मागं बसवून मिरवणूक निघते. खरं तर वसतिगृह उलट्या दिशेला आहे. पण पोरानं शहर बघायला नको? आणि शहरानं पोराला? बस स्थानकावर पोराची उंची सहा फूट दोन इंच असते. क्रांती चौकातल्या सिग्नलला ओळखीचा कोणी भेटतो, तिथं ती सहा-तीन होते. पैठण गेटला सहा-चार. गुलमंडीवर इमरती खाऊ घालेपर्यंत पोरगा सहा फूट पाच इंच झालेला असतो आणि त्याचे दोन्ही पाय रस्त्यावरून घासत आलेले असतात. सोबत टेप कोणाकडेच नसतो, हे बरं. पुढं कागदावर नोंद होते तेव्हा आकडा पुन्हा सहा-दोनवर येतो. अध्यक्ष त्याचं खापर बुटांवर फोडतात. अनवाणी मोजली म्हणे.

कॉलेजच्या गेटवरचा चहावाला हा तमाशा वर्षानुवर्षं बघत आलाय.

"क्या चचा, नया बच्चा आया क्या?"

"बच्चा नहीं मियाँ, ये ऑल इंडिया खेलेगा."

"पिछले साल वाले को बी यईच बोले थे," असं म्हणून तो पोराला पहिला चहा मात्र फुकट देतो. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण स्वागत समितीतला खिशातून खर्च करणारा दुसरा माणूस तोच.

संध्याकाळी कोर्टवर छोटेखानी सत्कार. कोर्ट सिमेंटचं, उघडं, पावसाचं पाणी साचलेलं. जुनी पोरं खराट्यानं पाणी लोटत असतात आणि अध्यक्ष भाषण करत असतात. भाषणाची सुरुवात दर वर्षी १८९१ च्या डिसेंबरपासून होते. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हिवाळ्यात पोरांना खोलीत खेळता यावं म्हणून पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. पहिला सामना नऊ-नऊ जणांत झाला आणि निकाल लागला १-०. आमच्या संघानं ही परंपरा बरीच जपली आहे. तिथून भाषण १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकला येतं, जिथं भारताचा पुरुष संघ खेळला होता. आणि मग पोराच्या वडिलांकडे वळून:

"पाटील, पंजाबात बल्लो के म्हणून खेडं आहे. तिथला सतनाम सिंग २०१५ साली एनबीएच्या निवडीत बावन्नावा आला. डलासच्या संघानं घेतला. सात फूट दोन! खेड्यातलंच पोरगं. मग आपल्या पोरानं कामून जाऊ नये?"

यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्या सतनामला पुढं एनबीएच्या एकाही सामन्यात उतरायला मिळालं नाही आणि नंतर तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात गेला, एवढाच भाग अध्यक्ष गाळतात. कोणी आठवण केलीच तर म्हणतात, "ते पुढचं पुढं."

पाटलांनी दोन एकर कापूस मागं ठेवून एस.टी. पकडलेली असते. ते विचारतात, "डलासचं राहू द्या साहेब. पोलीस भरतीत काही जमंल का?" यावर क्रीडा संचालक पुढं येऊन सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, त्याला लागणारं पदक, प्रमाणपत्राची पडताळणी हे सगळं नीट समजावून सांगतात. पाटलांचा चेहरा पहिल्यांदा उजळतो. अध्यक्षांचा पडतो. त्यांच्या स्वागतात पडताळणी हा शब्द बसत नाही.

मग सामने सुरू होतात. दहा-दहा मिनिटांचे चार भाग. पहिल्याच भागात पोरगा दोनदा स्टेप करतो, एक सोपा लेअप घालवतो आणि तीन फाउल घेऊन बाकावर येतो. पाच फूट सहा इंचाचा कोणी जालन्याचा पॉइंट गार्ड त्याच्या काखेखालून बॉल काढून नेतो, तेही हसत. बाकीचे चाहते गप्प होतात. अध्यक्ष कारण देतात.

"पाणी बदललंय पोराचं. लातूरचं पाणी वेगळं."

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा या पोराच्या अंगात मुळात कुठलं पाणी आहे, हे सांगणं अवघडच. पण पाण्यानं दोन सामने निभतात. तिसऱ्याला मेसच्या पोळ्या जबाबदार असतात, चौथ्याला पंच. पाचव्या सामन्याला अध्यक्ष येत नाहीत. कोणाच्या तरी वास्तुशांतीला गेलेले असतात. दिवाळीनंतर त्यांच्या बोलण्यात हळूच दुसऱ्या गावाचं नाव यायला लागतं. "कन्नडला एक पोरगं दहावीत आहे. आत्ताच सहा फूट. अन् अजून वाढू लागलंय."

यात लबाडी नाही, हे मी शपथेवर सांगतो. आलेल्या पोराला ताप येतो, फाउल होतात, विषय राहतात, त्याचं कोणावर तरी प्रेम बसतं. यायच्या पोराची एकही फ्री थ्रो आजवर चुकलेली नाही. अध्यक्षांसारख्या माणसानं कोणाच्या बाजूनं राहावं?

मात्र एक गोष्ट मला खटकते. आमच्याच कॉलेजच्या पोरींचा संघ गेली काही वर्षं पोरांपेक्षा बरा खेळतोय. त्यांची सेंटर खेळणारी पोरगी आईबरोबर एस.टी.नं आली, रिक्षाचे पैसे ठरवून कॉलेजला पोहोचली, टी.सी. स्वतः खिडकीवर दिली. हार नाही, स्टूल नाही, इमरती तर नाहीच. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये आपल्या महाराष्ट्रातली, पुण्याची. हे अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, "पोरी बिचाऱ्या आपल्या आपण नीट खेळतात की. त्यांना काय स्वागत करायचं?" म्हणजे खेळता येणं ही अपात्रता ठरली.

आणि तरी त्यांना नावं ठेवताना जीभ अडखळते. त्या लातूरच्या पोराच्या पायाला बारा नंबरचा बूट लागतो. औरंगपुऱ्यापासून कॅनॉटपर्यंत पन्नास दुकानं पालथी घालून दहाच्या पुढचा जोड मिळाला नव्हता; पोरगा अंगठे दुमडून सराव करायचा. अध्यक्षांनी भाच्याच्या मागं लागून अमेरिकेहून जोड मागवला आणि कोणाला बोलले नाहीत. वसतिगृहाचा पलंग आखूड पडतो म्हणून पायथ्याला जोडायला लाकडी पेटी आणली, तीही त्यांनीच. पहिल्या महिन्यात पोरगा घरच्या आठवणीनं रडवेला झाला, तेव्हा रविवारी जेवायला कोणाकडं होता, तर यांच्याकडं. काकूंनी त्याला तेव्हा जे सांगितलं ते अध्यक्षांच्या आयुष्याचं सार समजायला हरकत नाही: "पोटभर जेव बाबा. पुढच्या वर्षी दुसरा येईल."

दुसरा आला. लातूरचा पोरगा कोणाचं लक्ष नसताना शांतपणे शिकत राहिला. सकाळी साडेपाचला एकटा रिंगखाली. डावा हात सुधारला, फाउल कमी झाले, वजन आलं. तिसऱ्या वर्षी तो विद्यापीठाच्या संघात निवडला गेला आणि अश्वमेधला, म्हणजे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला, खेळून आला. कलरकोट मिळाला. पेपरात फोटो छापून आला, तो मागच्या रांगेत, अर्धा कापलेला, कारण फोटोग्राफरच्या चौकटीत डोकं मावलं नव्हतं.

त्या सकाळी अध्यक्षांनी पेपरच्या आठ प्रती विकत घेतल्या. गेटवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते: "मी आणला याला. स्टँडवरून. स्कूटरवर." चहावाल्यानं फोटो निरखून विचारलं, "इसका सर कां है चचा?" पोरगा बाजूलाच उभा होता, हसत होता. मग त्यानं कोट काढून अध्यक्षांच्या अंगावर घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. अध्यक्षांनी तो अर्धा तास काढला नाही.

यंदाचं कन्नडचं पोरगं अजून पक्कं नाही. टी.सी. आलेली नाही. आली की कळेलच. सगळ्या शहराला कळवण्याची सोय अध्यक्षांनी केलेली असते. आंतरमहाविद्यालयीन सामने पावसाळा सरला की सुरू होतील. तिकीट नाही, बसायला जागा भरपूर. पोरींचा सामना आधी असतो, तेव्हा जरा लवकर या. आणि कोणाच्या घरी बारा नंबरचे खेळाचे बूट पडून असतील, तर कॉलेजच्या गेटवर चहावाल्याकडे ठेवा.