खर्जातला फ्रिज

घरातलं माणूस कण्हायला लागलं तर शेजारी आपलं दार हळूच लोटून घेतात. फ्रिज कण्हायला लागला की मात्र अख्खी सोसायटी स्वयंपाकघरात. आमच्या फ्रिजातून 'घर्रर्र-किणकिण' असा आवाज येऊ लागला आणि ज्यांना वार्षिक सभेला यायला कधी सवड होत नाही, तेही कान घेऊन हजर झाले.

त्याआधी मेकॅनिकला फोन लावला होता. मी "फ्रिजबद्दल जरा..." एवढंच म्हणालो, तोवर तिकडून निदान आलं, "गॅस भरावा लागेल." फ्रिज कुठल्या कंपनीचा, किती जुना, हे विचारायची त्याला गरजच भासली नाही. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजांत आयसोब्युटेन असतो, तोही सहसा 100 ग्रॅमच्या आत. सगळे सांधे डाग देऊन बंद केलेले. गळती झाली नाही तर तो जन्मभर पुरतो. फ्रिज म्हणजे रिक्षा नव्हे, की ठाण्याला जाऊन आला आणि गॅस संपला.

"अहो, आवाज तरी ऐका," म्हणत मी फोन फ्रिजमागे धरला. पण फोनला एकसुरी घरघर म्हणजे नुसता व्यत्यय वाटतो आणि तो ती गाळून टाकतो. पलीकडे फ्रिज पोचलाच नाही, आमची ही पोचली: "अहो, निघा तिथून, कोळिष्टकं बघा किती अंगावर!"

"बरोबर आहे साहेब," मेकॅनिक म्हणाला. "गॅसच."

वीज मंडळातून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे काका आले. "पुरवठा 50 हर्ट्झचा. मोटारीतल्या लोखंडी पट्ट्या सेकंदाला 100 वेळा थरथरणार, हा काही गुन्हा नाही." इथे थांबले असते तर नमस्कार केला असता, पण पुढे ते खाजगीकरणावर घसरले आणि चहा संपेपर्यंत तिथेच राहिले. वास्तुशास्त्र शिकलेल्या मेव्हण्यांनी आवाज ऐकलाच नाही, आधी खिशातून होकायंत्र काढलं. "ईशान्येला जड वस्तू? कुरकुरणारच!" सेक्रेटरींनी हा आवाज सोसायटीच्या पंपाचा नाही एवढी खात्री करून घेतली आणि प्रसन्न चेहऱ्याने निघून गेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई तेवढ्या पाटावर बसल्या. डोळे मिटले. "खर्ज लावलाय. पांढरी पाचच्या जवळ, जरासा चढा." पांढरी पाचचा खर्ज 98 हर्ट्झचा, मी हिशेब सांगितल्यावर काकांनी दुसरा कप मागितला. "पण किणकिण याची नाही," बाई म्हणाल्या. "झांजवाला वेगळा आहे आणि तो मागे बसलाय."

फ्रिज पुढे ओढला. कॉम्प्रेसरच्या काळ्या हंडीवर एक ट्रे असतो. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात येतं आणि हंडीच्या उबेने सुकून जातं. आमच्या ट्रेत धुळीचा काळपट साय आलेला थर होता, त्यात एक वाळकी कोथिंबिरीची काडी, आणि तांब्याच्या नळीला टेकून उभं असलेलं स्टीलचं छोटं झाकण. मोटार थरथरली की झाकण नळीवर नाचायचं. हे झाकण दिवाळीपासून कामवाल्या मावशींच्या खात्यावर जमा होतं. झाकण काढलं, किणकिण थांबली. झाकण सापडल्याचं मावशींना कळवावं का, यावर घरात एकमत झालं नाही.

बाईंना कुणी साधा चहाही विचारला नाही. काकांचा तेव्हा दुसरा चालला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. फ्रिजला कान लावला, मान हलवली.

"किणकिण बंद झाली?"

"झाली."

"मग गॅस पूर्णच गेला, साहेब," तो म्हणाला आणि व्हिजिट चार्जची पावती फाडली.