पंखाबंद

पॉडकास्टवाल्यांच्या घोळक्यात एक इसम असा असतोच, जो घरात शिरला की नमस्काराआधी स्विचबोर्ड शोधतो. आमचा हा इसम ऑडिओ एडिटर आहे. मे महिना, पुण्यातला वरचा मजला, खिडक्या लावलेल्या, घामाच्या धारा, आणि याचं पालुपद एकच: "पंखा बंद." मग फ्रिजही बंद, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच घुरघुरतो. तो पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, ही ध्वनिमुद्रणवाल्यांची जुनी युक्ती. आमच्याकडे तो रिक्षाने आला होता. दूध नासलं.

मुलाखत संपली तरी सुटका नाही. "तीस सेकंद कुणी बोलू नका, खोलीची शांतता घ्यायचीय." ती नंतर कापाकापीच्या जोडांखाली अंथरायची असते. नेमका तेव्हाच भंगारवाला ओरडतो. पुन्हा तीस सेकंद. पंखा अर्थातच बंद. एका बारशालाही त्याने सवयीने पंखा बंद केला, पाळण्यातलं पोर किंचाळलं, तर म्हणाला, "लेव्हल पीक होतेय."

होस्टबाईंच्या बोलण्यातले "म्हणजे", "ॲक्चुअली", "हो की नाही" तो तांदळातल्या खड्यांसारखे वेचतो. माइकवर आदळणारे 'फ' आणि 'भ' मवाळ करतो. पाहुणे पुटपुटतात, बाई गडगडाटी हसतात. दोघांना आवाजाच्या एकाच पातळीवर, उणे सोळा एलयूएफएसच्या आसपास, आणून बसवतो. तासाभराच्या गप्पांपायी त्याची रात्र जाते. खाली प्रतिक्रिया येते: "ताई, किती ओघवतं बोलता!" त्याचं नाव असतं प्रायोजकाच्या कूपन कोडच्याही खाली, 'आणखी वाचा' दाबल्यावर.

मला हा प्राणी असह्यच होता. पण एकदा एक वृद्ध नट बायकोच्या आजारपणाबद्दल बोलता बोलता गप्पच झाले. बाई म्हणाल्या, "हे काढ रे. लोकांना वाटेल, नेट गेलं." याने ती अकरा सेकंदं ठेवली, वर संगीतही घातलं नाही. त्यासाठी चक्क भांडला. ज्याचं पोट काढून टाकण्यावर चालतं, त्याने ठेवण्यासाठी भांडावं! तेव्हापासून पंखा मीच बंद करतो.

अलीकडे बाईंना व्याख्यानाचं बोलावणं आलं. स्वतःचे भाग ऐकून ऐकून आपण असंच बोलतो असा त्यांचाही समज झालेला. तासभर नुसता "म्हणजे" आणि "ॲक्चुअली"चा पाऊस. शेवटच्या रांगेत याचं बोट गुडघ्यावर टकटक करत कापत होतं. कार्यक्रमानंतर बाईंनी खुशीत विचारलं, "कसं झालं रे?"

"छान झालं, ताई," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग केलं असेल कुणी, तर पाठवा. बघतो काय करता येतंय."