विनंती विशेष

नागभीडच्या आसपास पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तराला विचारा. पेपर तपासताना हा पोरगा ओळखायला त्याला हजेरी क्रमांक लागत नाही, पहिली ओळ पुरते. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट...' प्रश्न कथालेखनाचा असो, संवादाचा असो, नाहीतर घोडाझरी तलावाच्या सहलीचा वृत्तांत लिहा असा असो. ही ओळ दिसली की आपले अर्जदार आले म्हणून समजावं.

अर्जदार हे नाव मी ठेवलेलं. दरवर्षी वर्ग बदलतो, चेहरा बदलतो, अर्जदार तोच. खिशाला निळा आणि लाल असे दोन पेन. लालनं समास आखायचा, तोही दुहेरी. उजव्या कोपऱ्यात दिनांक, त्याखाली 'सब्जेक्ट' आणि सब्जेक्टच्या खाली दोन रेघा. एवढं झालं की निम्मा पेपर सुटला अशा समाधानानं तो एकदा खिडकीबाहेर बघून घेतो.

अभ्यासक्रमाचा आग्रह असा, की पोरांना सगळ्या प्रकारचं लिहिता आलं पाहिजे. पत्र, सूचना, बातमी, जाहिरात, संवाद, मुद्द्यांवरून गोष्ट, हल्ली ईमेल. मुद्दे दिले तहानलेल्या कावळ्याचे. अर्जदाराचा कावळा माठाजवळ आला, आत डोकावला आणि खडे गोळा करायच्या फंदात पडलाच नाही. त्यानं माठालाच लिहिलं, की आपल्यात पाणी खाली गेले असून मी गरीब पक्षी आहे, तरी ते वर आणण्याची कृपा व्हावी. संवाद लिहायला दिला, दोन मित्रांचा, परीक्षेनंतर काय करणार या विषयावर. पहिला म्हणतो, 'रिस्पेक्टेड फ्रेंड, आय बेग टू आस्क.' दुसरा म्हणतो, 'युवर रिक्वेस्ट इज अंडर कन्सिडरेशन.' इथे संवाद समाप्त. ईमेलमध्ये त्यानं खाली सहीसाठी जागा सोडली होती आणि 'स्थळ : नागभीड' असं लिहायला विसरला नव्हता. 'माझा रेल्वेप्रवास' हा निबंध दिला, तर नागपूर-नागभीड छोट्या लाइनची गाडी 2019 साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाल्यामुळे प्रवास करता आला नाही, तरी ती लवकर सुरू करावी, ही विनंती. खाली 'आपला आज्ञाधारक'.

हे खानदानी आहे. इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती तेव्हा याचा मोठा भाऊ याच बाकावर बसून हेच लिहीत होता. 2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा अर्जातला फक्त पत्ता बदलला. 2024 पासून कॉलेजात नवं शैक्षणिक धोरण आलं, पेपरांची नावं बदलली, क्रेडिटं आली. अर्जदारानं 'बेग' सोडला नाही.

त्याच्या अर्जातल्या माणसाला नेहमी ताप असतो. 'सफरिंग फ्रॉम फीवर' हे त्याला इतकं तोंडपाठ, की पावसाळ्याच्या वर्णनातसुद्धा ढग येतात, वीज चमकते आणि निवेदक तापानं फणफणतो. खरी कारणं वेगळी असतात आणि एकापेक्षा एक सरस. जुलैत धानाच्या रोवणीला माणूस मिळत नाही म्हणून पऱ्हे उपटायला जावं लागतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, तिथे रात्रभर नाटक, आणि पहाटे घरी आलेला माणूस सकाळच्या तासाला यावा तरी कसा? एकदा हा तीन दिवस आला नाही. अर्जात ताप. तोंडी विचारलं तेव्हा कळलं, की गावाच्या वाटेवर वाघ ठाण मांडून होता, म्हणून कोणीच बाहेर पडत नव्हतं.

'मग अर्जात वाघ का नाही लिहिलास?'

'वाघ लिवला तं खोटं वाटते न जी. फीवर लिवला का कोनी इचारत नाई.'

यावर इंग्रजीच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही.

गृहपाठ देताना तो कधीच एक प्रत देत नाही. दोन देतो. दुसरी पुढे सरकवतो आणि म्हणतो, 'सर, हे ओसी हाय. याच्यावर सही मारून द्या जी.' ओसी म्हणजे ऑफिस कॉपी. निबंधाची पोच! मी वैतागून म्हटलं, अरे, हे काय तहसील ऑफिस आहे? तो शांतपणे म्हणाला, 'उद्या तुमी म्हनाल भेटलाच नाई.' त्या 'तुमी'त माझ्यावर राग नव्हता. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या समस्त मानवजातीबद्दलचं ते त्याचं मत होतं. त्याच्या घरी खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. त्यात बापाचे सगळे ओसी. रानडुकरांनी धान तुडवल्याच्या भरपाईचा, शेतातल्या विजेच्या कनेक्शनचा, जातीच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा. घरात शाईनं लिहिलेलं जे काही आहे, ते एवढंच. लिहायचं म्हणजे कोणाकडे तरी काही मागायचं आणि त्यावर शिक्का घ्यायचा, हे त्याला मराठी अक्षरओळखीबरोबर कळलेलं. मी त्याला 'क्रिएटिव्ह रायटिंग' शिकवायला निघालो होतो.

बरं, त्याला दुसरं काही येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. जाहिरात लिहा या प्रश्नाला त्यानं नाटक कंपनीच्या व्यवस्थापकाला अर्ज लिहिला होता, शून्य मार्क. त्याच आठवड्यात बाजारात भोंगा लावलेली जीप चालली होती. वडशाच्या कंपनीचं नाटक. 'या हो या, मायबाप रसिकहो! हसता हसता रडाल आन् रडता रडता उठून उभे राहाल! महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था!' आवाज ओळखीचा. काच खाली झाली, अर्जदारानं माईकवर हात ठेवून मला 'नमस्कार जी सर' केलं आणि हात काढून लगेच पुढचं वाक्य फेकलं. आमच्या झाडीपट्टीची ही नाटकं पहाटेपर्यंत चालतात आणि तिथला प्रेक्षक कंटाळला तर उठून जातो; त्याला जागेवर खिळवायचं कसं, ते या पोराला कळतं. आईशी फोनवर बोलतो तो एक माणूस, पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाशी बोलतो तो दुसरा, कंडक्टरशी पास विसरल्यावर बोलतो तो तिसराच. त्या तिसऱ्याला तर मी बिनतिकीट सोडला असता. फक्त कागद समोर ठेवा, सगळे मिळून एकच अर्जदार होतात.

अहवाललेखन आलं तेव्हा मी मुद्दाम विषय घरचा दिला : दादाजी खोब्रागडे. याच तालुक्यातलं नांदेड त्यांचं गाव. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन तुटपुंजी. 1983 च्या सुमारास धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून वेगळ्या पेरत गेले आणि त्यातून बारीक, चवदार तांदूळ निघाला. तेव्हा चलतीत असलेल्या घड्याळाचं नाव त्याला चिकटलं : एचएमटी. तो तांदूळ दूरदूरच्या ताटांत गेला, दादाजींना पुरस्कार मिळाले, पैसा मात्र फारसा घरी आला नाही. 3 जून 2018 ला ते गेले. म्हटलं, सगळं माहितीतलं आहे, सरळ दीडशे शब्दांत अहवाल येईल.

बाकीच्यांनी आणला. एकीनं तर इतका नीटनेटका, की तिला मी वर्गात वाचायला लावला. अर्जदारानं आणला माननीय जिल्हाधिकारी साहेबांना अर्ज, दादाजींच्या वतीनं. विषय : वाण शोधल्याचा मोबदला थकबाकीसह मिळणेबाबत. त्यात साल होतं, लोंब्या होत्या, घड्याळ होतं, गटाचे एकर होते, पुरस्कारसुद्धा क्रमवार होते. शेवटी लिहिलं होतं, 'अर्जदार हयात नसल्यामुळे सही करू शकत नाही, तरी समजून घ्यावे.' इंग्रजीत हे वाक्य त्यानं कसं बसवलं होतं ते सांगत नाही; व्याकरणाला चार ठिकाणी जखमा होत्या.

अहवालाच्या ढाच्याला पाच मार्क असतात, ते मी दिले नाहीत. मजकुराचे सगळे दिले. तो मार्क बघून म्हणाला, 'सर, अर्ज मंजूर झाला का नाई?'

वर्षाच्या शेवटी पोरांकडून शिक्षकांबद्दल अभिप्राय भरून घेतात. मी तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीवरचा मास्तर. जितके तास तितका पैसा, तोही येईल तेव्हा. अभिप्रायाच्या कागदावर एक ते पाच आकड्यांना गोल करायचे असतात. अर्जदारानं गोल केलेच नाहीत. त्यानं स्वतंत्र ताव जोडला आणि जमा करण्याआधी माझ्याकडे घेऊन आला.

'सर, तुमचाच हाय. इंग्रजी तेवढं पाहून द्या जी, चुका नाई राहाले पायजेत.'

समास दुहेरी. सब्जेक्टखाली दोन रेघा. मा. प्राचार्य यांना सविनय, की आमचे सर खूप चांगले शिकवतात, पण मागील अनेक वर्षांपासून 'सर इज सफरिंग फ्रॉम सीएचबी विथ हाय फीवर', तरी त्यांना त्वरित परमनंट करण्यात यावे. प्रत माहितीसाठी : मा. कुलगुरू, मा. आमदार. सोबत : वर्गातल्या पोरापोरींच्या सह्या.

मी लाल पेन काढला. जिथे नव्हतं तिथे 'द' घातलं, जिथे नको होतं तिथलं काढलं. 'बेग'वर जरा थबकलो, पण तो राहू दिला. 'फीवर' तेवढा खोडला.

'राहू द्या न जी,' तो म्हणाला. 'त्याच्याशिवाय मंजूर होत नाई.'