विहीर खंदनाराचं पोट्टं पान्यात!

“काहून वं, सकाळीसकाळी तोंड काहून उतरलं तुहं?”

“उतरत नाई तं काय काकू! पोट्ट्यानं डोकं खाल्लं. मोबाईलवर कुटं डोंग्याची शर्यत पाह्यली, अन् म्हने मी बी कयाक चालवतो. सहा फूट वाढला, पन अक्कल काई वाढली नाई. यवतमाळात डोंगा! 2018 चा उन्हाळा आठोते ना? निळोणा धरन आटलं, चापडोह आटलं, अन् आपन ड्रम घेऊन टँकरच्या मागं.”

“आठोते तं! पन तुले दत्तू भोकनळ ठाव हाय का?”

“कोन? कोनाचा जावई?”

“जावई नाई वं माय! नाशिक जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. तो भाग बी कोरडाच. बाप विहिरी खंदे, अन् हा बापासंग खाली उतरून गोटे फोडे. 2011 मंधी बाप गेला. घरात मोठा हाच. पेट्रोल पंपावर बी राबला म्हने. मंग 2012 मंधी फौजेत लागला, खडकीले, बॉम्बे सॅपर्समंधी. माहा जावई फौजेतलाच ना, तो सांगत होता.”

“फौजेत बंदूक देतात का डोंगा?”

“उंची पाह्यली ना त्याची! कुदरत अली नावाचे मास्तर होते, त्याईनं धरून डोंग्यात बसवला. पयले तं पान्याचं भेव वाटे म्हने त्याले. बरोबरच हाय. विहिरीत पानी लागलं का काम संपलं, पान्यात राहाची सवय कुठून येईन? पन घन मारून मारून पाठ अन् खांदे असे झालते, का वल्हं हाती आलं अन् जमलं.”

“म्हनजे आमच्या पोट्ट्यासारखंच कयाक?”

“नाई वं, त्याचं रोइंग. दोन्हीत फरक हाय. कयाकमंधी तोंड समोर. हातात एकच दांडा, त्याच्या दोन्ही टोकाले पातं, एक हात डाव्या अंगाले मारा, एक उजव्या. शर्यत दोनशे, पाचशे, नाई तं हजार मीटरची. दत्तूच्या डोंग्यात बूड सरकत्या पाटावर, पाय बांधलेले, दोन वल्ही डोंग्यालेच अडकवलेली, अन् तोंड मागं! दोन हजार मीटर उलटंच जा लागते.”

“अवो बाप्पा! मंग जिंकाची रेघ कशी दिसन?”

“दिसतच नाई. मागं पडलेल्याईच्या पाठीच दिसतात.”

“हे तं बेस हाय काकू! आपल्या जाऊबाईले बसवा त्याच्यात.”

“हास तू. पन त्या पोराचं ऐक. 2016 मंधी कोरियात पात्रतेची शर्यत होती. इकडं मायले अपघात झालता, डोक्याले मार. पोरगा ऑलिम्पिकले निंघाला, अन् माय त्याले धड ओळखत नाई. तसाच गेला रिओले. भारताकडून रोइंगमंधी तो एकटाच. तेरावा आला.”

“तेरावाच?”

“तेरावाच म्हनतं! चार वर्षाआधी ह्याच्या हाती वल्हं नव्हतं वं.”

“मंग मेडल नाई भेटलं?”

“भेटलं ना. 2018 ची आशियाई स्पर्धा, इंडोनेशियात. एकट्याच्या शर्यतीत सगळ्याईच्या मागं राह्यला, अंगात ताप होता. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टले, चौघाईच्या डोंग्यात बसला. सवर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग अन् हा. सोनं आनलं!”

“मंग तं गावभर मिरवनूक!”

“मिरवनूक झाली तरी भोग काई सुटत नाई. त्याच एकट्याच्या शर्यतीत मधातच थांबला म्हून रोइंग महासंघानं 2019 मंधी दोन वर्साची बंदी घातली. तो म्हने, मी आजारी होतो. 2020 मंधी बंदी उठली, अन् त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार बी भेटला.”

“अन् कयाकमंधी कोनी हाय का आपल्याइकडचं? पोट्ट्याले सांगाले बरं.”

“ग्वाल्हेरची प्राची यादव हाय ना. पायात जोर नाई तिच्या, पन तिचे हात पाह्य! भोपाळच्या तलावात शिकली. टोक्योच्या पॅरालिम्पिकमंधी फायनलले गेली, आठवी आली. 2023 मंधी हांगझोले आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचं सोनं तिनंच घेतलं.”

“तिले तलाव भेटला, त्याले फौज भेटली. माह्या पोट्ट्याले काय, नळाखालची बादली?”

“काहून? पुसदकडं इसापूरचं पानी पाह्यलं नाई का? बाभुळगावाकडं बेंबळा हाय. पान्याची कमी नाई वं. डोंगा अन् शिकवनारा पायजे. दत्तूची उंची तळेगावातबी तेवढीच होती, तठी कोनी इचारलं का? फौजेत बसवाले डोंगा होता, म्हून उंचीले किंमत आली. तुह्याले बी भरतीले धाड, मैदानात धाव म्हना रोज. तठी जमलं तं कोनी ना कोनी पाहीनच. पन पयले सांग, पोहता येते का त्याले?”

“नाई ना! नदीवर नेला तं गुडघ्याच्या वर पानी येऊ देत नाई.”

“मंग हे कयाक कयाक कायले करते?”

“तेच तं इचारतो मी! त्याचा बाप तं म्हने, पयले बारावीचं गणित काढ, मंग पान्यात पड.”

“पन हळू बोल वं. पलीकडची खिडकी उघडली. सांजेलोक वार्डभर होईन, का तुहं पोट्टं ऑलिम्पिकले निंघालं!”

“होऊ द्या काकू. तेवढ्या लाजेनं तरी पोहाले शिकन!”