माणशी 250 पौंड दगड

हिल्सबरो, ओरेगॉन
रविवार सकाळ, कुकरची पहिली शिट्टी



आई, तुझे अकरा मिस्ड कॉल होते आणि ठाण्याच्या सुमाआत्याचे चार. वाळवंटात रेंज नव्हती, बाकी सगळे धडधाकट आहोत. पण रात्री दोन वाजता कल्याणला माझ्या सासूबाईंना उठवायची काय गरज होती? आता त्यांना वेगळा खुलासा.

ओरेगॉन म्हणजे पाऊस, हे डोंगरांच्या अलीकडे. पलीकडे नुसती खुरटी झुडपं आणि उजाड माळ. बेंड गावाच्या पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर ग्लास ब्यूट्स म्हणून डोंगर आहेत, तिथे जमिनीवर चक्क काच पडलेली असते. लाव्हा झटकन थिजला की स्फटिक धरायला वेळच मिळत नाही, त्याची ही काच, ऑब्सिडियन. ओजसला शाळेत एक दगड न्यायचा होता. तुमचे जावई चार पोती घेऊन निघाले.

बाबा, नियम ऐका. आदल्या दिवशी न्यूबेरीचा ज्वालामुखी पाहिला. तिथे याच काचेचा अख्खा डोंगर, पण संरक्षित, नखाएवढा तुकडा उचलायचा नाही. ओजसच्या खिशातून तीन निघाले, ते रडारडीसकट जागच्या जागी ठेवले. आणि ग्लास ब्यूट्सला वर्षाला माणशी 250 पौंड फुकट! 113 किलो! रेशनच्या साखरेसारखा दगडाचा कोटा. जावईबापूंनी लगेच घरातली डोकी मोजली, उन्हाळ्यात येणार म्हणून तुमचीही दोन धरली.

पहिलं पोतं भरायच्या आत टायर चिरला. काचेवरून गाडी नेल्यावर दुसरं काय होणार! तोही बाजूने, म्हणजे पॅच बसत नाही. स्टेपनीवर रांगत बेंड गाठलं, तर दुकानदार म्हणतो, चारही बदला. या गाडीची चारही चाकं एकदम ओढतात, झिजलेल्या तिघांत एक नवा चालत नाही म्हणे. अकराशे डॉलर! चपलेचा एक अंगठा तुटला म्हणून घरातल्या सगळ्यांना नवे जोड घ्यायचे, त्यातला प्रकार. स्टेशनबाहेरचा आपला पंक्चरवाला आठवला. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा दाखवायचा, तेव्हा निदान पैसे कशाचे ते तरी कळायचं.

दुसरी शिट्टी.

बंड्याकाकाने फडके रोडवर तिसऱ्यांदा स्कूटर ठोकली, यात मला नवल वाटलं नाही. बाबा, शेजारी पाया खणायचा ब्रेकर सकाळी सातला सुरू होतो म्हणून चिडू नका. तिथेही लाव्हाच फोडतायत. साडेसहा कोटी वर्षांचा! आमची काच त्यापुढे कालची, 50 लाखांची. मलंगगड काय, अंबरनाथचं देऊळ काय, सगळं त्याच काळ्या दगडाचं. आपण अख्खा जन्म ज्वालामुखीवर लोकल पकडली आणि मी दगड बघायला इथे दिवसभर गाडी हाकते.

भाड्याच्या घरात जाताना आजीचा पाटा वॉचमनला देणार म्हणालीस. का? टाकी लावणारी येत नाही म्हणून? काल मिक्सरमध्ये चटणी केली आणि ओजस म्हणाला, आजीकडची वेगळी लागते. मी त्याच्यावर उगाच ओरडले. पाटा देऊ नकोस. माळ्यावर राहू दे, आत्याकडे ठेव, काहीही कर. वरवंटा तेवढा येताना आण. विमानात 23 किलोची बॅग चालते, मेतकूट कमी कर. हातातल्या पिशवीत मात्र ठेवू नकोस, हत्यार म्हणून काढून घेतील.

तिसरी झाली, उठते.

तुमची,
मनू

ता. क. टायरचा आकडा आत्याला सांगायचा नाही.