त्या सूत्रधाराचं तोंड भारी फटकळ!

— काय गं, काल रात्री आमच्याकडचा आरडाओरडा तुमच्यापर्यंत आला असेल ना?

— आला तर! हे म्हणाले, काका-काकूंचं वाजलंय. मी म्हटलं, भांडणात मध्येच कोणी एवढं हसत नाही.

— वाजलंच होतं, पण खेळात. थांब, पाइप बंद करून येते... हां. ‘यू डोन्ट नो जॅक’ ऐकलंयस कधी? १९९५ सालचा कॉम्प्युटरवरचा प्रश्नोत्तरांचा खेळ. बेसमेंट आवरताना ह्यांना जुनी सीडी सापडली. आता ती घालायची कशात? घरातल्या एकाही यंत्राला सीडीची खाच नाही. शेवटी भाच्याने तोच जुना खेळ स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून उतरवला आणि लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला.

— म्हणजे कौन बनेगा करोडपतीसारखं?

— छे! अमिताभ कसा, हात धरून खुर्चीत बसवतो, पाणी विचारतो. हा खेळातला सूत्रधार मेला पाणउतारा करतो. चुकलीस तर टोमणा, बरोबर आलं तरी टोमणा, आणि नुसती गप्प बसलीस तर सगळ्यात मोठा टोमणा. पडद्यावर फारसं काही नाहीच, नुसती अक्षरं नाचतात. सगळी मजा कानांना. खेळ संपल्यावर खोट्या खोट्या जाहिराती लागतात, रेडिओवरच्यासारख्या. मी तर तेव्हा त्यांच्यासाठीच बसून राहायची.

— तेव्हा म्हणजे, इथे नवीन आलात तेव्हा?

— हो ना. शिकागोला आलो, अपार्टमेंटमध्ये दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. ह्यांच्या ऑफिसातला मित्र सीडी घेऊन यायचा. तीन माणसं आणि कीबोर्ड एक. एकाचं बटण क्यू, दुसऱ्याचं बी, तिसऱ्याचं पी. ज्याचं बटण आधी, तो उत्तर देणार. बी नेहमी माझ्या वाट्याला. दोन्हीकडून कोपरं खाऊन बरगड्या दुखायच्या गं!

— आणि उत्तरं यायची?

— कुठली! प्रश्न म्हणजे अर्धा शेक्सपिअर नि अर्धी टीव्हीवरची मालिका. शेक्सपिअर मी बीएला केलाय, पण मालिकेतल्या शेजाऱ्याचं नाव मला कोण सांगणार? ह्यांना तर एवढं लागलं मनाला, की रोज रात्री जेवण झालं की जुन्या मालिका लावून बसायचे. ‘साइनफेल्ड’ काय, ‘मॅश’ काय. मला सांगायचे, इंग्रजी सुधारतोय.

— काका हुशार!

— हुशार कसले, डूख धरून बसणारे. पण काल बघ काय झालं. पोरं सगळी इथेच जन्मलेली, उच्चार असे की ऐकत राहावं. आणि एकेक प्रश्न आला की एकमेकांची तोंडं बघतायत. त्या मालिका, ते नट, ते घोटाळे, सगळं पोरांना समजायला लागायच्या आधीचं. आणि हे सोफ्यावर टेकून टपाटप उत्तरं देतायत! सूनबाई म्हणाली, बाबा इथेच वाढलेत का? इतकी वर्षं आम्ही दोघं अडाणी होतो, आता पोरं अडाणी झाली.

— म्हणजे खेळ शिळा झालाय की.

— प्रश्न शिळे झालेत. ती चावरी जीभ नाही झाली. अगं, त्यात एक असतो अगडबगड प्रश्न. एखादं प्रसिद्ध वाक्य घ्यायचं आणि त्याच्याशी यमक जुळणारी निरर्थक बडबड करायची. मूळ वाक्य आपण टाइप करायचं, आणि जितका उशीर तितके पैसे कमी. मराठीत कसं होईल सांगू? ‘वाचता घेईना रिंगण माकडे.’ ओळख!

— वाचता... माकडे... थांबा हं काकू...

— विचार कर. तर भाच्याने काय केलं, उत्तर येईना म्हणून वैतागून तिथे एक घाणेरडी इंग्रजी शिवी टाइप केली. तर सूत्रधार भडकला की! पैसे कापले. पुन्हा टाइप केली, पुन्हा कापले. तिसऱ्यांदा केली, तर खेळच बंद करून टाकला.

— अगंबाई! त्याला कसं कळलं?

— सगळं आधीच बोलून ठेवलेलं. हॅरी गॉटलीब म्हणून त्यांचा मुख्य माणूस, जेलीव्हिजन कंपनीचा. आधी शिक्षणाच्या फिल्म काढायचे. त्याने विचारच असा केला की यंत्र आपल्याकडे बघतंय असं माणसाला वाटलं पाहिजे. म्हणजे बोलण्यात खंड पडू द्यायचा नाही, माणूस काय काय आगाऊपणा करेल ते आधीच ताडायचं, आणि प्रत्येकाला जवाब तयार ठेवायचा. सीडीवर आवाजाला जागा भरपूर, म्हणून जमलं. पुढे २००१ मध्ये ह्या खेळाचा टीव्हीवर कार्यक्रम झाला, पी-वी हर्मनवाला पॉल रूबेन्स सूत्रधार. पण लवकरच गुंडाळला. मला विचारशील तर बरोबरच झालं. दुसऱ्याचा अपमान बघण्यात काय मजा? आपला झाला पाहिजे.

— जेलीव्हिजन... नाव ओळखीचं वाटतंय. काकू, आमच्या ऑफिसात हेल्थ इन्शुरन्स निवडताना कॉम्प्युटरवर तो ॲलेक्स बोलतो ना, थट्टा करत करत? तो त्यांचाच!

— तोच तर! शिकागोचीच मंडळी. खेळांची शाखा वेगळी झाली, तिचं नाव आता जॅकबॉक्स. आणि जेलीव्हिजन लोकांना विम्यातलं डिडक्टिबल समजावतेय.

— तरीच! मला वाटायचं, हा माणूस विम्याबद्दल बोलतोय आणि मला हसू का येतंय? पण ते भांडण कशावरून झालं ते राहिलंच.

— ते होय! त्यात स्क्रू म्हणून एक असतो. तो समोरच्याला लावला की उत्तर त्यालाच द्यावं लागतं. चुकला तर पैसे त्याचे जातात. हे पुढे होते, आणि प्रश्न आला शेक्सपिअरचा. मला माहीत, ह्यांनी आयुष्यात एक नाटक वाचलेलं नाही. लावला स्क्रू! हे असे ओरडले, “घरच्या माणसाला?” म्हटलं, बाहेरच्याला कशाला लावू, बाहेरच्याला काय येतं नि काय येत नाही ते मला थोडंच माहितेय?

— काकू, तुम्ही पण ना!

— शनिवारी या दोघं. नवीन जॅकबॉक्स लावू, त्यात बटणाला आपापला फोन, कोपरं नाहीत. कोविडमध्ये आम्ही झूमवर हेच करायचो. आणि आपली पण एक मराठी फेरी ठेवू, त्यांच्या ‘डिस ऑर डॅट’सारखी. नदी की मासा? सावित्री.

— नदी.

— मांदेली.

— मासा! हे सोपंय.

— कर्ली.

— मासा.

— आणि सिंधुदुर्गात वाहते ती कोण? दोन्ही, बाई, दोन्ही! गेले तुझे पैसे.

— हे चीटिंग आहे हं! काकू, ते माकडाचं सांगा तरी.

— अजून नाही आलं? अहो, ऐकलंत का... हिला त्या माकडांचं उत्तर सांगा!

— (आतून) नाचता येईना, अंगण वाकडे! आणि तुझ्या काकूला म्हणावं, काल शेवटच्या फेरीत हीच ओरडत होती, तुमचं बटण अडकतं म्हणून!